औंधचं संग्रहालय पाहून आल्यावर मुलांनी काय काढावं?

खटाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षिकेनं विचारलं आहे: “सातवी-आठवीची ३८ मुलं घेऊन डिसेंबरात औंधचं संग्रहालय पाहायला जायचं आहे. परत आल्यावर प्रत्येकानं स्वतःचं काहीतरी करावं अशी इच्छा आहे. पण गेल्या वर्षी निम्म्या मुलांनी मोबाइलवरच्या फोटोवरून चौकटी आखून रविवर्म्याचं चित्र उतरवलं आणि उरलेल्यांनी दोन डोंगर, मधे सूर्य आणि झोपडी काढली. शाळेला कलाशिक्षक नाही, मला स्वतःला चित्रकला येत नाही. कुठून सुरुवात करू?”

ताई, ‘मला स्वतःला चित्रकला येत नाही’ ह्याची धास्ती आधी काढून टाका. मी सातारा जिल्ह्यातल्या दोन माध्यमिक शाळांत मिळून २८ वर्षं चित्रकला शिकवली. माझा हात चांगला होता आणि पहिली बरीच वर्षं तोच मुलांच्या आड आला. नाक वाकडं दिसलं की मी मुलाच्या हातातली पेन्सिल घ्यायची आणि दोन रेघांत ते सरळ करून द्यायची. मुलगा खूश व्हायचा. पण तिथून पुढं ते चित्र त्याचं राहायचं नाही, आणि पुढच्या तासाला कागद समोर ठेवून तो माझी वाट पाहत बसायचा. तुमचा हात असा मधे येणार नाही. मुलाच्या कागदाला आपण हात लावायचा नाही, एवढा नियम स्वतःला घालून घ्या. ह्या कामात शिक्षकाला दोनच गोष्टी याव्या लागतात: विचारणं आणि थांबणं.

आता नक्कल आणि झोपडीकडे येऊ. दोन्ही एकाच कारणानं होतात. मुलानं चित्र पाहिलेलंच नसतं. शाळेची सहल संग्रहालयात शिरते तेव्हा रांग चालू असते, मागून “पुढं चला, पुढं चला” चालू असतं, आणि एकेका चित्रासमोर मूल दोन-तीन सेकंद असतं. औंधसारख्या ठिकाणी तर एवढं भांडार आहे की चाळीस मिनिटांत सगळी दालनं फिरून आलेल्या मुलाला संध्याकाळी टेकडीच्या पायऱ्या आणि डब्यातली चटणी तेवढी आठवते. दुसऱ्या दिवशी आपण म्हणतो, “पाहिलेल्यावर चित्र काढा.” त्याच्याकडे काढण्यासारखं काही नसतं. मग ज्याच्या हाताशी फोटो आहे तो फोटो उतरवतो, ज्याच्या हाताशी नाही तो पहिलीपासून पाठ असलेली झोपडी काढतो. त्यात आळस नाही, खोडीही नाही. हुकमी येणारी गोष्ट तो देतो, कारण दुसरी आपण त्याला मिळू दिलेली नसते.

म्हणून माझा पहिला आग्रह: सगळं संग्रहालय चालत बघा, पण थांबा फक्त दोन कामांसमोर. दोनच. आणि दुसरा: परत आल्यावर निदान आठ दिवस एकही फोटो कुणाला दाखवू नका, तुमच्या मोबाइलमधलासुद्धा. चित्रकलेच्या एलिमेंट्री-इंटरमिजिएट परीक्षांत स्मरणचित्र हा विषय असतो. आपण तो गुणांपुरता उरकतो, पण त्यात मोठी युक्ती दडलेली आहे. आठवणीतून काढताना बरंच गळून जातं आणि त्या मुलाला जे टोचलं, आवडलं किंवा कोडं वाटलं तेच मागं उरतं. एकाला साडीचा काठ आठवतो, एकीला नुसता हात, एकाला मागचा अंधार. जे उरलं तिथून त्याचं स्वतःचं चित्र सुरू होतं. फोटो समोर आला की गळलेलं सगळं परत येऊन बसतं आणि मूल पुन्हा चौकटी आखायला लागतं.

जाण्याआधीची तयारी थोडी सांगते. रविवर्म्याची ओळख करून द्यायला पुस्तकाची गरज नाही. राजा रविवर्मा १८४८ साली केरळात जन्मले आणि १९०६ मध्ये गेले. १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत दगडी छपाईचा छापखाना काढला, पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. तिथून छापून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर गेल्या, आणि आजच्या कॅलेंडरांवरच्या देवी बऱ्याच अंशी त्यांच्याच नाती आहेत. मुलांना घरातलं देवादिकांचं एखादं जुनं कॅलेंडर किंवा तसबिरीतलं चित्र नीट बघून यायला सांगा. देवीनं साडी कशी नेसली आहे, मागं काय आहे, पाय जमिनीवर टेकलेत का, हे तोंडी सांगू दे. संग्रहालयात तैलरंगातलं मूळ चित्र समोर आलं की ही मुलं स्वतःहून बोलायला लागतात, कारण तुलना करायला त्यांच्याकडे काहीतरी असतं.

औंधबद्दलही एक गोष्ट आधी सांगून ठेवा, ती मुलांना भावते. हे संग्रहालय कुण्या दूरच्या सरकारनं उभारलेलं नाही. औंध संस्थानचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढायचे, कीर्तन करायचे, सूर्यनमस्कारांचा प्रचार करायचे. त्यांनी हौसेनं जमवलेल्या कलावस्तूंसाठी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर हे श्री भवानी चित्रसंग्रहालय उघडलं गेलं. रविवर्मा, धुरंधर, बाबूराव पेंटर, माधव सातवळेकर अशांची कामं आणि हेन्री मूर ह्या इंग्रज शिल्पकाराचं दगडातलं ‘आई आणि मूल’ आज आपल्या दुष्काळी तालुक्यात आहे. पॅरिस-लंडनला जाऊन बघावं असं काम आपल्या एस.टी.च्या टप्प्यात आहे, हे मुलांना ठासून सांगा. मला स्वतःला त्याचं आजही अप्रूप वाटतं.

प्रत्यक्ष दिवसाचं नियोजन: संग्रहालयाला आधी शाळेचं पत्र द्या, फोन करून सुट्टीचा वार विचारा, आणि पेन्सिलनं रेखाटन करायची परवानगी लेखी मागा. आत पेन, स्केचपेन, रंग, पाण्याची बाटली काहीही नको. ३८ मुलं एकदम आत नेऊ नका. १९-१९ चे दोन गट करा. एक गट आत असताना दुसरा शाळा व्यवस्थापन समितीतल्या एखाद्या पालकाबरोबर बाहेर पायऱ्यांवर बसून खालचं गाव आणि समोरचे डोंगर काढेल. ह्या बाहेरच्या चित्रांचा उपयोग पुढं सांगते. ‘हात लावू नका’ असं नुसतं ओरडू नका, कारण सांगा. आपल्या बोटांना घाम आणि तेल असतं. एका बोटानं काही होत नाही, पण वर्षभरात हजारो बोटं लागली की दगडही काळा पडतो आणि कॅनव्हासवरचा रंग खराब होतो. कारण कळलं की आठवीची मुलं सातवीच्या मुलांना स्वतःच आवरतात.

आणि एक साधं साधन. जुन्या लग्नपत्रिकांचे जाड कागद गोळा करा आणि प्रत्येकाच्या मधोमध काड्यापेटीएवढी खिडकी कापा. मुलानं ती डोळ्यांसमोर धरून चित्रावरून फिरवायची आणि जिथं थांबावंसं वाटेल तेवढाच तुकडा पेन्सिलनं काढायचा. नकलेला माझा सरसकट विरोध नाही, तो इथं स्पष्ट करते. निऱ्यांचा एक चुणीदार कोपरा दहा मिनिटं खाली मान घालून उतरवला की कापड कसं पडतं हे डोळ्यांना कळतं. तेवढी नक्कल डोळ्यांचा व्यायाम आहे. अख्खं चित्र उतरवायला घेतलं की मात्र मूल बघायचं सोडतं आणि मापं घेत बसतं.

आता थांबण्याबद्दल. एका कामासमोर मुलांना जमिनीवर बसवा आणि दहा मिनिटं घड्याळ लावा. पहिली तीन-चार मिनिटं अवघड जातात. कुजबुज, हसू, चुळबुळ सगळं होतं. तेव्हा तुम्ही चित्रकाराचं नाव, साल, महत्त्व सांगायला सुरुवात कराल, तो मोह आवरा. पाचव्या मिनिटाच्या आसपास मुलांना कंटाळा येऊन संपतो आणि तिथून बघणं सुरू होतं. मग तीनच प्रश्न, तेही हळू आवाजात: “काय दिसतंय?” “कशावरून म्हणतोस?” “आणखी काय?” उत्तर चूक वाटलं तरी मान हलवायची आणि तिसरा प्रश्न विचारायचा. ‘कशावरून’ हा ह्यातला सगळ्यात मोलाचा शब्द आहे. त्यानं मुलाचं बोट परत चित्राकडे जातं.

कुठली दोन कामं निवडावीत, ह्यावर माझं मत पक्कं आहे. एक मूरचं ‘आई आणि मूल’ आणि दुसरी रविवर्म्याची ‘सैरंध्री’.

मूरपासून सुरुवात करा, कारण त्याची नक्कल करण्याचा मोह कुणाला होत नाही. रविवर्म्यासमोर मुलं “किती खरं काढलंय!” म्हणून गप्प होतात. मूरच्या दगडासमोर ती भांडतात. “हे पूर्ण व्हायचं राहिलंय का, बाई?” असं मला एकीनं विचारलं होतं. तो प्रश्न मी फळ्यावर लिहून ठेवला आणि आठवडाभर पुसला नाही. पूर्ण म्हणजे काय? नाकडोळे काढले की पूर्ण? आई आणि बाळ दोघं एकाच दगडातून निघालेत, मग एक कुठं संपतं आणि दुसरं कुठं सुरू होतं? मुलांनी ह्यावर जे वाद घातले तेवढे मी बीएडच्या मुलांतही ऐकलेले नाहीत.

हेन्री मूरची माहिती मी मुलांना परत आल्यावर दिली. १८९८ चा जन्म, यॉर्कशायरमधलं कॅसलफर्ड नावाचं कोळशाच्या खाणींचं गाव, वडील खाणकामगार. सुरुवातीला त्यांनी काही काळ शाळेत शिकवलंही. त्यांनी पुढं सांगून ठेवलेली एक आठवण आहे: लहानपणी आईची पाठ दुखायची आणि ती ह्या मुलाकडून औषध चोळून घ्यायची. पाठीचा तो बाक, ती हाडं त्यांच्या हातांना कायमची आठवत राहिली. हे मी वर्गात सांगितलं आणि एकदम शांतता पसरली. आपल्याकडच्या कुठल्या मुलानं आजीची, आईची पाठ चोळलेली नसते? ऊसतोडणी, कांद्याची काढणी, भांगलण झाली की संध्याकाळी तेलाची वाटी येते. मी मुलांना म्हटलं, आज डोळ्यांनी काढायचं नाही. तुमच्या हातांना कुणाचा कुठला भाग पाठ आहे तो आठवा आणि तो घडवा.

साहित्य म्हणून मी अंगाच्या साबणाच्या वड्या दिल्या. माती आपण लावत जातो, चुकलं तर आणखी लावतो. दगडात तसं करता येत नाही, तिथं फक्त काढून टाकता येतं आणि काढलेलं परत चिकटत नाही. मूरच्या कामातला हा सगळ्यात अवघड भाग मुलाला साबणातून कळतो. वडी नवी, ताजी घ्या. जुनी सुकलेली वडी कडेनं ढलप्या उडून फुटते. हत्यार म्हणून आइस्क्रीमची काडी, जुना चमचा, बोथट खिळा पुरतो, ब्लेड आणि चाकू वर्गात आणू नका. खाली वर्तमानपत्र पसरा आणि कीस जमवून हात धुवायच्या जागी ठेवा, वाया जात नाही. पहिली वडी जवळजवळ प्रत्येकाची मोडते. म्हणून ३८ मुलांना किमान ६० वड्या धरा, आणि पहिली मोडणारच आहे हे आधी सांगून टाका. खर्च झेपत नसेल तर शाडू घ्या. शेतातली काळी माती वापरायची तर तिच्यात बारीक कापलेला काथ्या मिसळा, जाड वस्तू खालून पोकळ करा आणि सावलीत वाळवा, नाहीतर दोन दिवसांत तडे जातात.

त्या वर्षी एका मुलानं नुसती पाठ केली. डोकं नाही, हात नाहीत, एक वाकलेली पाठ आणि मणक्याच्या जागी अंगठ्यानं ओढलेली खोलगट वाट. हा मुलगा चित्रकलेच्या तासाला खिडकीशी बसून वही कोरी ठेवणारा. प्रदर्शनाच्या दिवशी त्याची आजी आली. तिनं ती वस्तू बराच वेळ बघितली आणि म्हणाली, “ही माझी पाठ व्हय रं?” त्यानं मान हलवली. तिनं पदरानं हात पुसले, ती वडी उचलली आणि त्या वाटेवरून स्वतःचा अंगठा फिरवला. तिला ‘हात लावू नका’ असं सांगायचं माझ्या मनातही आलं नाही.

आता ‘सैरंध्री’. सैरंध्री म्हणजे अज्ञातवासातली द्रौपदी, विराटाच्या राणीची दासी झालेली. गोष्ट आधी सांगू नका. आधी नुसतं बघू दे, ही बाई कोण असेल, कशी असेल, आत्ता तिच्या मनात काय असेल, कशावरून. मग गोष्ट सांगा: कीचकाची तिच्यावर वाईट नजर आहे हे ठाऊक असून राणी तिला त्याच्याच महालात मद्य आणायला पाठवते. ती नको म्हणते, तरी जावं लागतं. गोष्ट कळल्यावर तेच चित्र पुन्हा पाहा. दुसऱ्यांदा पाहताना मुलांचे चेहरे बदलतात.

इथं विषय देताना जपा. “सैरंध्रीवर चित्र काढा” म्हटलंत तर साडी नेसलेल्या ३८ बायका मिळतील. मी म्हटलं होतं, “जावंसं वाटत नव्हतं पण जावं लागलं, अशी तुमची एक वाट काढा. माणूस काढलाच पाहिजे असं नाही.” काय काय आलं त्यातून! दवाखान्याची वाट, नापास झाल्यावर घरची वाट, दुष्काळात टँकरपर्यंतची वाट, आई माहेरी गेल्यावर शेजाऱ्यांकडे भाकरी मागायला जायची वाट. एका मुलीनं शाळा ते घर असा रस्ता काढला आणि एका वळणावर काळ्या तैलखडूनं इतकं रगडलं की कागद फाटला.

ताई, ह्या जागी शिक्षकाची खरी कसोटी असते, म्हणून थोडं सविस्तर सांगते. असं चित्र आलं की वर्गात विचारायचं नाही, कौतुक करायचं नाही, भिंतीवर लावायचं नाही. मधल्या सुट्टीत, एकटीला, दार उघडं ठेवून एवढंच म्हणायचं: “ह्या वळणाबद्दल मला सांगावंसं वाटलं तर मी आहे.” त्या मुलीला सांगायला चार दिवस लागले. रस्त्यावरची टवाळ पोरं होती, रोज अडवायची. मुख्याध्यापकांना आणि तिच्या आईला बरोबर घेऊन आम्ही तो प्रश्न सोडवला. गोष्ट ह्याहून गंभीर निघाली तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे, तो शाळेत सगळ्यांना दिसेल असा लावून ठेवा. मुलांना मनातलं काढायला सांगायचं आणि ते बाहेर आल्यावर आपण गांगरून जायचं, असं होता कामा नये. तुमची मानसिक तयारी नसेल तर ह्या वर्षी ‘सैरंध्री’ ठेवू नका. धुरंधरांचं एखादं काम निवडा आणि बाजारहाट, लगीनघाई, जत्रेतली गर्दी असा विषय द्या, त्यातही भरपूर शिकण्यासारखं आहे. गर्दी काढताना पुढचा माणूस मागच्याला झाकतो एवढी एक गोष्ट मुलाला सापडली तरी तो तास सार्थकी लागला म्हणा.

वस्तूंच्या बाबतीतही हेच तत्त्व चालतं. २०२४ च्या जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात प्रदर्शनासाठी आली, तेव्हा जिल्ह्यातून शाळाच्या शाळा लोटल्या. मी निवृत्तीनंतर रविवारी घराच्या पडवीत मुलांना बसवते, तीही बघून आली होती. सगळ्यांनी अफजलखानाच्या भेटीचं तेच चित्र काढलं, पुस्तकात असतं तसं. शिवरायांबद्दलचं त्यांचं प्रेम खरं होतं, पण वाघनखं कुणी पाहिलीच नव्हती. मी विचारलं, बोट कुठल्या कडीत जातं? मूठ मिटली की नख्या कुठं असतात? कुणालाच सांगता येईना. मग मी म्हटलं, तुमच्या घरातली एक लहान, हाताच्या मापाची, मुठीत बसणारी वस्तू घेऊन या. खुरपं आलं, अडकित्ता आला, विळा आला, एकानं वडिलांचा ऊसतोडीचा कोयता कापडात गुंडाळून, वडिलांनाच बरोबर घेऊन आणला. ती वस्तू धरलेला हात काढायचा, एवढंच काम. कोयत्याच्या मुठीला रबरी ट्यूब गुंडाळलेली होती आणि जिथं अंगठा बसतो तिथं ती झिजून गुळगुळीत झाली होती. ती झीज त्या मुलानं पेन्सिलनं अशी काढली की वडील स्वतःच्या हाताकडे बघत राहिले.

रंगांची चिंता करू नका. पोस्टर कलरच्या बाटल्या नसल्या तर गेरू, हळद, विटेचा वस्त्रगाळ चुरा आणि चुलीतला कोळसा ह्यांत डिंकाचं पाणी घालून चार उत्तम रंग होतात. कागद पाठकोरे चालतील. एक मात्र करू देऊ नका: गावातल्या देवळाजवळ वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड) किंवा जुनं शिल्प असेल तर त्यावर कागद ठेवून खडू घासून ठसा घ्यायची कल्पना कुणीतरी सुचवेल. दगडाची झीज होते आणि खडूचा मेणचट डाग बसतो. समोर बसून रेखाटावं. सहल काही कारणानं रद्द झालीच, तर हाच सगळा उपक्रम एका वीरगळासमोर बसूनही करता येईल. खालच्या चौकटीत लढाई आणि वर देवाची पूजा, अशी दगडात कोरलेली आख्खी गोष्ट तिथं असते.

मूल्यमापन तुम्हाला करावंच लागेल. पहिला-दुसरा-तिसरा क्रमांक काढू नका, ही माझी कळकळीची विनंती. एका शाळेत वरिष्ठांच्या आग्रहावरून मी ‘सर्वांत हुबेहूब’ चित्राला बक्षीस दिलं होतं. पुढच्या वर्षी सगळा वर्ग हुबेहूबच्या मागं लागला आणि मातीत सुंदर काम करणाऱ्या एका मुलानं “मला येत नाही” म्हणून हात आखडला तो आखडलाच. वर्णनात्मक नोंदींत आपल्याला मोकळीक असते, ती वापरा. ‘चित्र सुंदर काढतो’ असलं काही लिहू नका. ‘शिल्पाविषयी स्वतःचा प्रश्न विचारला’, ‘आठवणीतून काढताना एकच भाग निवडून मोठा केला’, ‘पहिला प्रयत्न मोडल्यावर आकार बदलून पुन्हा केला’, ‘मित्राच्या चित्राबद्दल कशावरून ते सांगितलं’ अशा नोंदी लिहा. त्या खऱ्या असतात आणि पालकालाही काहीतरी सांगतात.

प्रदर्शन भरवा, वर्गातच, चित्रं मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर. प्रत्येकानं आपल्या कामाखाली संग्रहालयासारखी पाटी लिहायची: नाव, साहित्य, आणि कुठल्या कामासमोर बसून काय आठवलं ते दोन ओळींत. भाषा त्याची घरचीच राहू दे. ‘न’ला ‘ण’ झाला असेल तर तुम्ही पाटी नव्यानं लिहून देऊ नका, त्यालाच मोठ्यानं वाचायला लावा, तो बहुतेक वेळा स्वतःच दुरुस्त करतो. ज्यांना आपलं काम लावायचं नाही त्यांचं लावू नका.

राहिली झोपडीवाली मुलं. पायऱ्यांवर बसून काढलेली चित्रं ह्यांच्यासाठीच जपून ठेवायची. माझ्याकडं एक मुलगा होता, काहीही विषय द्या, दोन डोंगर आणि मधून उगवणारा सूर्य. औंधच्या पायऱ्यांवर त्याला मी म्हटलं, “आज सूर्य काढ, पण आत्ता आहे तिथं.” तो बराच वेळ वर बघत राहिला. सूर्य त्याच्या पाठीशी होता. म्हणजे चित्रात येतच नव्हता. मग त्यानं पायऱ्यांवर पडलेली स्वतःची सावली काढली, त्याच्या पुढं खालचं गाव. घरी गेल्यावर त्यानं आपण होऊन दुसऱ्या दिवशी पहाटे उठून बघितलं आणि वर्गात येऊन मला सांगितलं, “बाई, आमच्या घरातनं सूर्य डोंगराच्या मधनं नाय येत. पवनचक्कीच्या मागनं येतो. आणि पातं फिरलं की एकदा दिसतो, एकदा नाय.” ते त्यानं आठ कागदांवर काढलं, एकेका कागदावर पातं थोडं पुढं सरकलेलं, आणि आठही कागद एका दोरीला ओळीनं टांगले.